कानामागचे हाड आणि शिकाऊ हात

कानाच्या पाळीमागे बोट ठेवले की एक टणक उंचवटा हाताला लागतो. डॉक्टर त्याला मॅस्टॉइड म्हणतात. शंखास्थी नावाच्या कवटीच्या हाडाचा हा एक भाग. बाहेरून साधा दिसणारा हा उंचवटा आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ्यांनी भरलेला असतो. त्याच्या आत, एका पेरूत मावेल एवढ्या जागेत, निसर्गाने किती गोष्टी ठेवल्या आहेत! हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे. त्यातली रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, मानवी शरीरातले सर्वांत लहान हाड. त्यापलीकडे गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली ऐकण्याची नळी आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका. याच हाडातून वळसा घेत चेहऱ्याची नस बाहेर येते. आपण हसतो, डोळे मिटतो ते तिच्या जोरावर. मागच्या बाजूला मेंदूकडून रक्त आणणारी मोठी शीर आहे आणि छताला मेंदूचे आवरण आहे. या सर्वांमध्ये हाडाचा पडदा किती? कुठे एक मिलिमीटर, कुठे त्याहूनही कमी.

कान वर्षानुवर्षे वाहत राहिला, आतले हाड कुजू लागले, तर सर्जनला याच हाडात ड्रिल घालावे लागते. हात केसभर सरकला तर रुग्णाचा चेहरा कायमचा वाकडा होऊ शकतो, उरलेसुरले ऐकू येणे जाऊ शकते, जीवावरही बेतू शकते. असे काम करणारा हात आपोआप तयार होत नाही. कोणताही हुनर शिकताना पहिल्या काही वेळा चूक होतेच. सुताराच्या शागिर्दाकडून लाकूड वाया जाते, शिंप्याच्या शागिर्दाकडून कापड. मग कानाच्या सर्जनची पहिली चूक कशावर होते? किंवा अधिक स्पष्ट विचारायचे तर, कोणावर होते? कानाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास या एका प्रश्नाच्या अंगाने पाहिला तर तो फार बोलका आहे.

भोपळा आणि कमळाचे देठ

हा प्रश्न आपल्या देशात फार पूर्वीच विचारला गेला. सुश्रुतसंहितेत 'योग्या' म्हणजे सराव या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. शास्त्रे पाठ असली तरी ज्याने हाताने सराव केलेला नाही तो शस्त्रकर्माला लायक नाही, असे त्याचे सार. छेद घेण्याचा सराव भोपळा, काकडी, कलिंगड अशा फळांवर करावा, शीर उघडण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठांवर करावा, असे तपशील त्यात आहेत. फाटलेली कानाची पाळी जोडण्याची शस्त्रक्रिया सुश्रुताच्या परंपरेत प्रसिद्ध होती. तिच्यासाठीही मऊ मांस आणि कमळाचे देठ यांवर हात बसवायला सांगितले आहे. शरीराची रचना समजावी म्हणून प्रेत वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवून, ते मऊ झाल्यावर कुंचल्याने एकेक थर सोडवून पाहण्याची रीतही याच ग्रंथात दिलेली आहे.

हे ज्ञान पुढे बगदादला पोहोचले. अब्बासी काळात बरमकी घराण्यातील वजीर यह्या बिन खालिद याने मनका नावाच्या भारतीय वैद्याकडून सुश्रुताचा ग्रंथ अरबीत समजावून घेतल्याची नोंद इब्न अल-नदीम याच्या ग्रंथसूचीत आहे. ज्ञानाला सरहद्दी नसतात, हे आपण भाषणात म्हणतो. इथे त्याचा लेखी पुरावा आहे.

त्याच अरबी परंपरेत दहाव्या शतकात अंदलुसियात अबुल कासिम अल-जहरावी झाला. त्याच्या 'अल-तसरीफ' या ग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. सुमारे दोनशे हत्यारांची चित्रे त्यात आहेत. मुलाने कानात डाळीचा दाणा किंवा खडा घातला तर तो कसा काढावा, याचीही पायरीवार माहिती आहे. आधी तेलाचे थेंब टाकावेत, शिंक आणवावी, मग नाजूक चिमटा वापरावा, नळीने ओढून पाहावे आणि काहीच जमले नाही तरच कानामागे छेद घ्यावा. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची आहे ती त्याची तक्रार. आपल्या काळात चांगले शल्यवैद्य उरले नाहीत, कारण लोक शरीररचना न शिकताच हातात सुरी घेतात, असे तो लिहितो. मानेवरची गाठ कापताना एका अडाणी वैद्याने धमनी तोडली आणि ती बाई तिथेच मेली, हा किस्सा त्याने इशारा म्हणून नोंदवून ठेवला आहे. हजार वर्षांपूर्वीची ही तक्रार आजही जुनी वाटत नाही.

पण शरीररचना शिकायची कशावर? त्या काळी बहुतेक हकीम ग्रीक वैद्य गॅलेन याच्या ग्रंथांवर भिस्त ठेवत. प्रत्यक्ष हाडे पाहणारे थोडे. त्या थोड्यांत अब्दुल लतीफ अल-बगदादी याचे नाव घ्यावे लागते. तेराव्या शतकाच्या आरंभी तो इजिप्तमध्ये असताना तिथे भीषण दुष्काळ पडला. माणसे रस्त्यांवर मरून पडली. अल-मक्स येथे पडलेल्या सांगाड्यांच्या ढिगात तो विद्यार्थ्यांना घेऊन गेला. गॅलेनने खालचा जबडा दोन हाडांचा असल्याचे लिहिले होते. बगदादी आणि त्याच्या सोबत्यांनी दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या. प्रत्येकीत जबडा एकसंध! गॅलेन कितीही थोर असला तरी डोळ्यांची साक्ष त्याच्या शब्दापेक्षा खरी, असे त्याने निःशंकपणे लिहून ठेवले. युरोपात वेसालियसने गॅलेनच्या चुका दाखवणारा ग्रंथ छापला तो १५४३ मध्ये, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी.

ज्या सांगाड्यांवरून बगदादी शिकला, ती माणसे कोण होती? भुकेने मेलेले गरीब. त्यांना कोणी विचारले नव्हते. ही गोष्ट इथेच लक्षात ठेवू या, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा समोर येणार आहे.

इटलीतले विच्छेदन

सोळाव्या शतकात इटलीच्या विद्यापीठांत शवविच्छेदनाला बहर आला आणि कानाचे अंतरंग उलगडू लागले. १५४६ मध्ये नेपल्स येथे इंग्रासिया याने विद्यार्थ्यांना शिकवत असताना रिकीब हे हाड ओळखले. फालोपियोने चेहऱ्याच्या नसेचा हाडातला बोगदा वर्णन केला. त्या बोगद्याला आजही त्याचेच नाव आहे. युस्ताकी याने कान आणि घसा यांना जोडणाऱ्या नळीचे वर्णन केले. तिलाही त्याचेच नाव मिळाले. पुढे बोलोन्याच्या वाल्साल्वाने सोळा वर्षे खपून १७०४ मध्ये कानावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने हजारावर मस्तकांचे विच्छेदन केले असे सांगतात. नाक-तोंड बंद करून कानात हवा ढकलण्याची जी युक्ती विमानात बसलेले लोक करतात, तिला वाल्साल्वाचेच नाव आहे.

नकाशा तयार होऊ लागला होता. मात्र नकाशा असणे वेगळे आणि त्या वाटेने चालता येणे वेगळे. त्या काळी विच्छेदन होई ते जाणण्यासाठी. शस्त्रक्रियेचा सराव म्हणून कानाचे हाड कोरावे, ही कल्पना अजून रुजलेली नव्हती. त्याची किंमत एका दरबारी हकिमाला द्यावी लागली.

१७९१ चा धडा

अठराव्या शतकात फ्रान्समधील पेती आणि प्रशियाच्या सैन्यातील यासर या शल्यवैद्यांनी कर्णमूळ फोडून पू बाहेर काढला आणि रुग्ण वाचले. ही बातमी पसरली तशी ही शस्त्रक्रिया एक फॅशन बनली. पू असो वा नसो, बहिरेपणावर आणि कानातल्या आवाजांवरही लोक तिचा प्रयोग करू लागले. डेन्मार्कच्या राजाचा वैद्य बॅरन फॉन बर्गर याला बहिरेपणाचा आणि कानात सतत घोंघावणाऱ्या आवाजाचा त्रास होता. १७९१ मध्ये त्याच्या कर्णमुळाला भोक पाडण्यात आले. काही दिवसांतच मेंदूच्या आवरणाला सूज येऊन तो मरण पावला.

मरणारा स्वतः नामांकित वैद्य, तोही राजदरबाराचा. साऱ्या युरोपात खळबळ उडाली आणि ही शस्त्रक्रिया जवळजवळ बंद पडली. पुढची कित्येक दशके, जिथे तिची खरोखर गरज होती अशा रुग्णांवरही ती करायला कोणी धजेना. पू मेंदूत शिरून माणसे, विशेषतः लहान मुले, मरत राहिली. अपुऱ्या तयारीचे नुकसान असे दुहेरी असते. एक बळी टेबलावर जातो आणि त्या भीतीपोटी मागाहून जाणाऱ्यांची मोजदाद कोणी ठेवत नाही.

प्रेते कोणाची?

एकोणिसाव्या शतकात वैद्यकीय शिक्षण वाढले आणि प्रेतांची मागणीही वाढली. इंग्लंडमध्ये १७५२ च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचे देह विच्छेदनाला मिळत. म्हणजे विच्छेदन हा शिक्षेचाच एक भाग होता. ते देह पुरेनात तेव्हा कबरी उकरून प्रेते विकणारे लोक तयार झाले. स्कॉटलंडमधील एडिनबर्ग शहरात बर्क आणि हेअर या दोघांनी तर १८२८ मध्ये कबर उकरण्याचीही तसदी घेतली नाही. त्यांनी सोळा माणसे ठार मारून त्यांचे देह डॉ. रॉबर्ट नॉक्स याच्या शरीरशास्त्राच्या वर्गाला विकले. मेलेले बहुतेक गरीब, बेघर, ज्यांचा शोध घेणारे कोणी नव्हते असे. बर्कला १८२९ मध्ये फाशी झाली आणि त्याच्याही देहाचे विच्छेदन झाले. त्याचा सांगाडा एडिनबर्ग विद्यापीठाने जपून ठेवला आहे.

या प्रकरणानंतर १८३२ मध्ये ब्रिटनने शरीररचनाशास्त्राचा कायदा केला. कबरी उकरणे थांबले. पण तोडगा काय निघाला? अनाथगृहांत आणि इस्पितळांत मेलेल्या ज्या माणसांवर कोणी हक्क सांगत नाही, त्यांचे देह महाविद्यालयांना द्यायचे. खुन्याची जागा गरिबाने घेतली. कालपर्यंत जी शिक्षा होती ती आता गरिबीच्या वाट्याला आली, अशी टीका त्या काळीही झाली.

भारतात इंग्रजी पद्धतीचे वैद्यकीय शिक्षण कलकत्त्याला १८३५ मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा ती त्या काळच्या समाजाला हादरवणारी घटना होती. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई राज्याने शरीररचनाशास्त्राचा कायदा केला. बेवारस देह शिक्षणसंस्थांना देण्याची तरतूद त्याच्यामुळे आपल्याकडे आली. स्वेच्छेने देहदान करणाऱ्यांची परंपरा महाराष्ट्रात पुढे चांगली वाढली, हे खरे. तरी ज्याचे कोणी नाही त्याचा देह टेबलावर, हा जुना हिशेब पूर्णपणे मिटला असे म्हणता येत नाही.

हाडाची शाळा

आता पुन्हा कानाकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये जोसेफ टॉयन्बी याने सुमारे दोन हजार कानांचे विच्छेदन केले. आजारी माणसाच्या कानात नेमके काय बिघडते, हे त्याने मृत्यूनंतर हाड उघडून पाहिले आणि १८५७ मध्ये आपल्या संग्रहाची सूची छापली. कानातील आवाजांवर उपाय शोधताना स्वतःवरच क्लोरोफॉर्मच्या वाफेचा प्रयोग करून १८६६ मध्ये तो मरण पावला. त्याचा संग्रह दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील बॉम्बवर्षावात नष्ट झाला.

अशा पायावर जर्मनीतील हाले शहरात श्वार्ट्झे याने १८७३ मध्ये कर्णमुळाच्या शस्त्रक्रियेची शिस्तबद्ध रीत प्रसिद्ध केली. कोणत्या रुग्णावर करायची, कुठून शिरायचे, किती खोल जायचे, हे त्याने ठरवून दिले. बर्गरच्या मृत्यूनंतर जवळपास ऐंशी वर्षांनी बंद पडलेले दार पुन्हा उघडले. हत्यारे मात्र अजून छिन्नी आणि हातोडीच होती! त्याच वर्षी व्हिएन्नात कानाचे स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. तिथला अॅडम पोलित्झर हा जातिवंत शिक्षक. जगभरचे डॉक्टर त्याच्याकडे शिकायला येत. १८८९ मध्ये त्याने मानवी कानाचे विच्छेदन कसे करावे यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. कानात काय आहे हे सांगणारी पुस्तके आधीही होती. हे पुस्तक, हाड हातात घेऊन काय आणि कोणत्या क्रमाने करायचे ते सांगणारे होते. शिक्षकाच्या नजरेने पाहिले तर हा बदल मोठा आहे.

विसाव्या शतकात दोन गोष्टींनी चित्र पालटले. पहिली, सूक्ष्मदर्शक. १९२१ मध्ये स्वीडनच्या निलेन याने कानाच्या शस्त्रक्रियेत तो प्रथम वापरला आणि १९५३ मध्ये झाइस कंपनीचा खास शस्त्रक्रियेसाठी बनवलेला सूक्ष्मदर्शक आल्यावर तो सर्वत्र पसरला. दुसरी, दातांच्या डॉक्टरांकडून उचललेले वेगवान ड्रिल. छिन्नी-हातोडी मागे पडली. १९५६ मध्ये अमेरिकेत जॉन शे याने अडकून बसलेली रिकीब काढून तिच्या जागी कृत्रिम तुकडा बसवला आणि बहिऱ्या माणसाला ऐकू येऊ लागले. आता सर्जन जीव वाचवण्याच्या पुढे जाऊन ऐकू येणे परत मिळवून देऊ लागला.

जितके काम बारीक, तितका सराव अधिक. लॉस एंजेलिसचा विल्यम हाउस आधी दंतवैद्य होता. कानाच्या आतल्या भागापर्यंत पोहोचण्याच्या नव्या वाटा त्याने आधी मृतांच्या हाडांवर शोधल्या आणि मगच रुग्णावर वापरल्या. त्याच्या संस्थेतील हाड कोरण्याचे शिक्षणवर्ग जगभर प्रसिद्ध झाले. आज कानाचा सर्जन तयार करणाऱ्या चांगल्या विभागात अशी प्रयोगशाळा असते. ओळीने टेबले मांडलेली, प्रत्येकावर सूक्ष्मदर्शक, ड्रिल, पाण्याची बारीक धार आणि ती ओढून घेणारी नळी, आणि एका पकडीत घट्ट बसवलेले शंखास्थी. शिकणारा तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावून बसतो, कारण हाडाची धूळ उडते. आधी मोठे पाते, मग हिऱ्याची कणी लावलेले गुळगुळीत पाते. हाडाचा रंग बदलला, ड्रिलचा आवाज बदलला की खाली काहीतरी नाजूक आले, हे तिथे हाताला आणि कानाला कळू लागते. पुस्तकात हे वाचता येते, पण वाचून हात बसत नाही.

प्रतिजैविके आल्यावर तर ही शाळा आणखी आवश्यक झाली. पूर्वी कर्णमुळात पू झालेले रुग्ण इतके येत की शिकाऊ डॉक्टरला त्यांच्यावरच 'सराव' मिळे. पेनिसिलिननंतर असे रुग्ण घटले. अमेरिकेत २००३ मध्ये शिकाऊ डॉक्टरांच्या कामाच्या तासांवर आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादा आली, तेव्हा शस्त्रक्रिया पाहण्याची संधीही कमी झाली. जुने सूत्र होते: एक पाहा, एक करा, एक शिकवा. या सूत्रातले मधले 'एक' कोणाच्या तरी कानावर होत असे, हे मात्र मोठ्याने बोलले जात नव्हते.

परीक्षा कशी घ्यावी?

सराव झाला. पण हात तयार झाला हे ठरवायचे कसे आणि कोणी? इथे आम्हा शिक्षकांचा विषय येतो. बी.एड. केलेल्या प्रत्येकाला सूक्ष्म अध्यापन आठवत असेल. १९६० च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही पद्धत. खऱ्या वर्गावर सोडण्याआधी भावी शिक्षकाने पाच-दहा विद्यार्थ्यांसमोर पाच-दहा मिनिटे एकच कौशल्य वापरून पाठ घ्यायचा. निरीक्षक हातात तक्ता घेऊन बसतो: प्रश्न स्पष्ट होता का, फळ्याचा उपयोग झाला का, उत्तराला दाद दिली का. मग चर्चा, आणि तोच पाठ पुन्हा. मुलांच्या एका वर्षाची नासाडी होऊ नये म्हणून चूक आधीच, सुरक्षित जागी होऊ द्यायची, हा त्यामागचा विचार.

सर्जनच्या बाबतीत हा विचार बराच उशिरा आला. पूर्वी उस्तादाचे मत हीच परीक्षा असे. 'मुलाचा हात चांगला आहे' असे त्याने म्हटले की झाले. उस्ताद न्यायी असेल तर ठीक. पण मर्जी, ओळख, नातेगोते, कंटाळा यांचाही वाटा त्यात असू शकतो. शिवाय दोन उस्तादांची मते जुळतीलच असे नाही. १९९७ मध्ये कॅनडातील टोरंटो विद्यापीठाच्या गटाने शस्त्रक्रियेच्या कौशल्याची वस्तुनिष्ठ परीक्षा मांडली. रुग्णाऐवजी टेबलावर ठरावीक कामे द्यायची आणि परीक्षकाने ठरलेल्या तक्त्यावर गुण द्यायचे.

कानाच्या हाडासाठी असाच एक तक्ता अमेरिकेतील ओहायो राज्यात तयार झाला. त्याला 'वेलिंग मापनश्रेणी' म्हणतात. तिच्या विश्वासार्हतेचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पस्तीस मुद्दे, प्रत्येकाला होय किंवा नाही. विद्यार्थ्याने कोरलेले हाड परीक्षकापुढे येते. कोणाचे ते त्याला माहीत नसते, जशी आपल्या बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांकाची झाकपट्टी असते तसेच. मेंदूच्या आवरणावरचा हाडाचा पातळ पापुद्रा शाबूत आहे का? मोठ्या शिरेला छिद्र पडले का? ऐरणीला ड्रिल लागले का? चेहऱ्याची नस नीट ओळखली आणि तिला धक्का न लावता सोडवली का? प्रश्न साधे दिसतात. पण यातल्या प्रत्येक 'नाही'मागे जिवंत रुग्णाच्या बाबतीत एक उद्ध्वस्त आयुष्य असू शकले असते. इथे मात्र त्या 'नाही'ची किंमत एक गुण एवढीच. विद्यार्थी दुसरे हाड घेतो आणि पुन्हा बसतो.

शिक्षक म्हणून या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. कोरलेले हाड शेवट दाखवते, वाट दाखवत नाही. हात किती वेळा अडखळला, घाई किती झाली, हे कळायला काम चालू असताना पाहावे लागते किंवा त्याचे चित्रीकरण लागते. मेलेले हाड रक्त सांडत नाही. खऱ्या शस्त्रक्रियेत अर्धी कसोटी रक्तातून वाट काढण्याची असते. आणि तक्त्याचा स्वतःचा एक धोका आहे. पाठाच्या वहीतले सगळे रकाने भरले तरी मुलांना धडा समजला असे होत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणूनच टोरंटोच्या परीक्षेत तक्त्याबरोबर अनुभवी परीक्षकाने एकूण कामाचा अंदाज घेऊन दिलेल्या गुणांनाही जागा होती. उस्तादाची नजर हवीच. फक्त तिच्यावर हिशेबाचे बंधन हवे.

प्लास्टिक, संगणक आणि एक दान

देह मिळणे कठीण होत चालले तसे इतर मार्ग निघाले. सी.टी. स्कॅनवरून छापलेली प्लास्टिकची शंखास्थी मिळू लागली. संगणकावर हाड दाखवणारी आणि हातातल्या दांड्याला हाडाचा विरोध जाणवून देणारी यंत्रे आली. डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथील डॉक्टरांनी असे एक सॉफ्टवेअर तयार करून सर्वांना मोफत खुले केले. ज्या डेन्मार्कमध्ये १७९१ साली दरबारी वैद्याचा बळी गेला, तिथूनच आज गरीब देशांतला विद्यार्थीही वापरू शकेल असे साधन निघावे, हा इतिहासाचा एक सुखद न्याय म्हटला पाहिजे.

पण त्या सॉफ्टवेअरमधले हाड आले कुठून? एका मृत माणसाचे शंखास्थी गोठवून, त्याचे अतिशय पातळ काप घेऊन, प्रत्येक कापाचे छायाचित्र संगणकात भरून ते तयार झाले. म्हणजे यंत्राच्या मुळाशीही कोणाचा तरी देह आहेच. फरक इतकाच की ते एक हाड आता हजारो विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा पुरते. तज्ज्ञांचे मत असे की, यंत्रावर पायऱ्या पक्क्या होतात आणि खऱ्या हाडावर हात पक्का होतो. त्यामुळे दोन्ही लागतात. यंत्रावर आधी शिकून आलेला विद्यार्थी खरे हाड वाया घालवत नाही, हाही फायदा.

हा प्रश्न आपल्याही दारातला

आपल्या समाजात देहाच्या प्रश्नावर बोलताना आवाज खाली येतो, आणि ते स्वाभाविक आहे. मय्यतीला गुस्ल द्यावे, कफन घालावे, लवकरात लवकर दफन करावे, ही आपली रीत. मृताच्या हाडाचाही जिवंताच्या हाडाइतकाच मान राखावा, ही शिकवण हदीसमध्ये आहे. भारतातील अनेक उलमा देहदान जायज मानत नाहीत. दुसरीकडे मक्केतील राबिता या संघटनेच्या फिक्ह परिषदेने १९८७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या गरजेसाठी विच्छेदनाला अटींसह परवानगी दिली. गरजेपुरतेच विच्छेदन व्हावे, मृताचा सन्मान राखावा, शेवटी सर्व अवशेषांचे दफन व्हावे, अशा त्या अटी. मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करणे उलमांचे काम आहे, माझ्यासारख्या शाळामास्तरचे नाही.

मला म्हणायचे आहे ते त्याच्या अलीकडचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना उपचार किंवा मदत लागेल इतका बहिरेपणा आहे. दाटीच्या वस्त्यांत, वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कान वाहणे अधिक आढळते. कान वाहणाऱ्या मुलाला आपण शाळेत 'लक्ष देत नाही' म्हणून मागच्या बाकावर बसवतो आणि घरी त्याच्या कानात गरम तेल टाकतो. मग एक दिवस कोणीतरी सर्जन त्याचे हाड स्वच्छ करतो, फाटलेला पडदा शिवतो आणि मूल ऐकू लागते. त्या सर्जनचा हात कोणत्या तरी अनोळखी माणसाच्या हाडावर तयार झालेला असतो. ते हाड देहदान करणाऱ्या एखाद्या शिक्षिकेचे असेल, नाहीतर रस्त्यावर मेलेल्या आणि कोणी ओळख न पटवलेल्या मजुराचे. त्याचा धर्म आपण विचारलेला नसतो. त्याचे ऋण मात्र आपल्या मुलाच्या कानात असते.

हे ऋण मान्य केले तर दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, मृतदेहाच्या सन्मानाचा आग्रह. आपल्याकडील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शवाला पहिला गुरू मानून शपथ घेतात. ही चांगली सुरुवात आहे. बेवारस म्हणून कोणाचा देह देण्याआधी त्याच्या नातेवाइकांचा खरोखर शोध घेतला गेला का, आणि शिक्षण संपल्यावर त्याचे अवशेष कोणत्या रीतीने माती किंवा अग्नीच्या स्वाधीन झाले, हे विचारणे हेही या सन्मानातच येते. दुसरी, परीक्षेचा आग्रह. माणसाच्या कानाला हात लावण्याआधी या सर्जनने हाडावर किती सराव केला, त्याची कसोटी कोणी घेतली, हे विचारण्याचा हक्क गरिबातल्या गरीब रुग्णाला असला पाहिजे. सरकारी इस्पितळात मोफत उपचार घेणारा माणूस म्हणजे कोणाच्या सरावाचे साहित्य नव्हे.

शिकणाऱ्या हाताकडून चूक होणारच, हे आम्हा शिक्षकांइतके कोणाला ठाऊक असेल? ती कुठे होऊ द्यायची, एवढेच आपल्या हातात असते. सुश्रुताने ती भोपळ्यावर होऊ दिली. पोलित्झरने आणि हाउसने ती हाडावर होऊ दिली. आता ती संगणकाच्या पडद्यावरही होते. जिथे ही सोय नव्हती तिथे ती जिवंत माणसावर झाली, आणि तो जिवंत माणूस बहुधा गरीब होता. आपल्या जिल्ह्याच्या इस्पितळात आज ती कुठे होते, हे ज्यांना विचारता येईल त्यांनी जरूर विचारावे. आणि ज्यांच्या हाडांवर आजवर हे हात तयार झाले, त्या अनाम माणसांसाठी, त्यांचा मजहब कोणताही असो, दुआला हात उचलताना मनात थोडी जागा ठेवावी.